प्रतिसाद: कोर्सच्या आधी पाया
बारावीनंतर लगेच महागडा एथिकल हॅकिंगचा (परवानगी घेऊन यंत्रणेतील त्रुटी शोधण्याचा) कोर्स करावा का, या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. नेटवर्किंग, लिनक्सची कमांड लाइन आणि थोडे पायथन येत नसेल, तर अशा कोर्समधून तयार साधने चालवण्यापलीकडे फारसे हाती लागत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा पिकोसीटीएफ हा सायबरसुरक्षेची कोडी सोडवत शिकण्याचा उपक्रम विनामूल्य आहे; सुरुवात तिथून करावी.

या प्रश्नावरची इथली चर्चा हल्ल्याच्या कौशल्याभोवतीच फिरते आहे, बचावाकडे लक्ष नाही, याची मला काळजी वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यात बनावट स्विचने (एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी बँकेकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने) एटीएमच्या खोट्या व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशी विसंगती वेळेत ओळखणे हे सुरक्षा देखरेख केंद्रातील विश्लेषकाचे काम असते, आणि नवख्यांना पहिली संधी बहुधा तिथेच मिळते. (रात्रपाळी असते, हे घरी आधीच सांगून ठेवावे.) सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना तिला ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात, म्हणून लॉग वाचण्याचा सराव आतापासूनच करावा.

मात्र सराव म्हणून महाविद्यालयाच्या यंत्रणेत विनापरवानगी शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो.