बोट आधी, गाडी नंतर: विमानाशिवाय देश ओलांडताना आलेले अनुभव

गेल्या चार वर्षांत मी एकही सीमा विमानाने ओलांडलेली नाही. सुरुवातीला कारण एकच होतं, विमान सोडतं त्या धुराचा माझ्या वाट्याचा हिशेब डोक्यातून जाईना. आता तेवढंच उरलेलं नाही, या प्रवासाचीच ओढ लागली आहे. पण कुणी आराखडा मागितला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. असा प्रवास रेल्वेगाडीत बिघडत नाही आणि बोटीवरही बिघडत नाही. तो बिघडतो मधल्या सांध्यात, म्हणजे स्टेशन ते धक्का, पासपोर्टवरचा एक शिक्का ते दुसरा शिक्का, एक तिकीट ते दुसरं तिकीट.

म्हणून हा चर्चेचा धागा. तुम्ही रेल्वेने आणि बोटीने देश ओलांडला असेल तर त्या सांध्यांबद्दल लिहा. हातात किती वेळ ठेवला होता, काय चुकलं, पुन्हा गेलात तर काय बदलाल? खिडकीतून दिसलेलं सौंदर्यही लिहा, पण आधी हे.

माझ्यापासून सुरू करते. लंडनहून हॉलंडला जायला युरोस्टार ही थेट रेल्वे आहेच, तरी मी पहिल्यांदा हार्विच ते हूक ऑफ हॉलंड या रात्रीच्या बोटीने गेले. दिवसाला दोनच फेऱ्या, एक दिवसाची, एक रात्रीची. त्यामुळे आधी बोट ठरवली आणि तिच्यावरून मागे मोजत लंडनची गाडी शोधली. उलट केलं असतं तर फसले असते. हार्विच इंटरनॅशनल स्टेशन बोटीच्या टर्मिनलला लागूनच आहे. ब्रिटनमधली रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीटही मिळतं. रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते, ती अट आधी जाचक वाटली. पण सकाळी अंघोळ करून, ताजी होऊन उतरले तेव्हा पटली. पलीकडे धक्क्याजवळून थेट मेट्रो मिळते. जुना रेल्वेमार्ग २०१७ मध्ये बंद करून त्याची मेट्रो केली, २०१९ पासून ती रॉटरडॅमला नेते.

एक बारीक गोष्ट. बोट सुटायची वेळ आणि पायी, म्हणजे मोटारीशिवाय चढणाऱ्या प्रवाशांची खिडकी बंद व्हायची वेळ या दोन वेगळ्या वेळा असतात. दुसरी लिहून ठेवा, पहिली विसरलात तरी चालेल.

* * *

माझा अनुभव कटू आहे, पण उपयोगी पडावा म्हणून लिहितो. वडील बरोबर होते, वय बहात्तर. गाडीचं तिकीट वेगळं, बोटीचं वेगळं, दोन्ही स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश. मध्ये दोन तास ठेवले होते. गाडी एक तास पन्नास मिनिटं उशिरा पोचली. वडिलांना बाकावर बसवून मी बॅग ओढत धावलो. खिडकीचं शटर निम्मं खाली आलेलं होतं आणि आतली बाई नुसती मान हलवत होती. बोट डोळ्यांसमोर उभी होती, ट्रक अजून चढत होते. पण पायी प्रवाशांचा जिना काढून घेतला होता. त्या दिवसाची ती शेवटची बोट.

नियम मला नंतर कळला. युरोपीय संघात ७ जून २०२३ पासून रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम, २०२१/७८२, लागू आहे. एक तासाहून जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मिळते, उशिराचं कारण रेल्वेच्या हाताबाहेरचं असेल तर मात्र नाही. पण रेल्वेची जबाबदारी तिच्या तिकिटाच्या शेवटच्या स्टेशनापर्यंतच. पुढची बोट चुकली हे तिच्या लेखी घडलेलंच नसतं. मला गाडीच्या भाड्याचा पाव हिस्सा मिळाला, बोटीचे पैसे गेले आणि रात्रीची खोली खिशातून.

वडील एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. तेव्हापासून बंदराच्या गावात आदल्या रात्री मुक्काम, हा माझा नियम. ती रात्र वाया जात नाही, बंदराची गावं संध्याकाळी फार सुंदर असतात.

* * *

वरचं वाचून वाईट वाटलं. पूर्ण रेल्वेचा प्रवास असेल तर मात्र थोडा आधार असतो. युरोपातल्या बऱ्याच रेल्वे कंपन्यांमध्ये असा करार आहे की, आंतरराष्ट्रीय प्रवासात एका गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर तिकिटं वेगळी असली तरी पुढच्या गाडीत बसू द्यायचं. त्यासाठी उशीर झालेल्या गाडीतल्या तपासनीसाकडून किंवा स्टेशनच्या खिडकीवरून तसं लिहून किंवा शिक्का मारून घ्या. लाजू नका. बोटीला मात्र हा करार लागू नाही.

* * *

आमचं कारण वेगळं. नवऱ्याच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने विमान बंद सांगितलं. भाच्याचं लग्न अथेन्सला, आम्ही तेव्हा म्युनिकला. नकाशात रेल्वेचा सरळ वाटणारा रस्ता हंगेरी आणि सर्बियातून जातो. मी तसाच आराखडा करत होते आणि शेवटी व्हिसा बघितला, तर त्यावर एकदाच प्रवेश. सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. म्हणजे हंगेरीतून बाहेर पडलो की आमचा शेंगेन व्हिसा संपला, आणि ग्रीसच्या दारात आम्ही परके. व्हिसा लागणाऱ्या पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी गाडीचं वेळापत्रक उघडण्याआधी हे बघावं. मी उलट क्रमाने केलं आणि तीन रात्रींची मेहनत फुकट गेली.

मग समुद्राचा रस्ता धरला. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून इटलीत, बोलोन्याला गाडी बदलून अँकोना बंदर आणि तिथून ग्रीसमधल्या पात्रासची बोट. सगळा प्रवास शेंगेनच्या आत. अँकोनाला स्टेशन आणि बोटीचं टर्मिनल लांब आहे, मधे बस घ्यावी लागते. आम्ही चार तास ठेवले होते, अडीच पुरले. बोट जवळपास एक दिवस आणि एक रात्र घेते, वाटेत ग्रीसच्याच इगूमेनित्सा बंदरात थांबते. पहाटे तिथे निम्मे ट्रक उतरतात, त्या आवाजाने जागे झालात तर आपलंच बंदर आलं समजून बॅगा घेऊन धावू नका. ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे, घड्याळ झोपण्याआधीच लावा. पात्रासहून अथेन्सकडे जाताना सुरुवातीचा तुकडा बसचा, मग रेल्वे.

रात्री डेकवर लोक पथारी पसरून झोपले होते. एक आजी आपल्या नातवाच्या पायांवर शाल सारखी करत होत्या, वारा ती उडवायचा, त्या पुन्हा सारखी करायच्या. नवरा म्हणाला, "कान बरा झाला तरी परत असंच येऊ." त्यानंतर दोनदा गेलो.

* * *

बँकॉक ते सिंगापूर, पूर्ण रेल्वेने. थायलंड आणि मलेशिया दोन्हीकडे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर, त्यामुळे बँकॉकची रात्रीची गाडी सीमेवरच्या पडांग बेसार स्टेशनात सरळ शिरते. तिथे सगळं सामान घेऊन उतरायचं, एकाच इमारतीत आधी थायलंडची खिडकी, मग मलेशियाची. इतका सोपा सांधा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तरी मी चुकलेच. मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. माझी पुढची गाडी साडेनऊची होती, घड्याळात पावणेनऊ झाले होते, म्हणून मी निवांत चहा घेत बसले. साडेनऊची गाडी पंधरा मिनिटांपूर्वीच सुटून गेली होती. फलाटावरच्या घड्याळाकडे मान वर करून बघितलं असतं तरी कळलं असतं. एका माणसाने हाताने खुणा करून पुढची गाडी दाखवली आणि ती येईपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला.

दोन्ही देशांत येण्याआधी ऑनलाइन माहिती भरावी लागते, मलेशियाची २०२४ पासून आणि थायलंडची मे २०२५ पासून. हे रेल्वेने येणाऱ्यांनाही लागू आहे. बटरवर्थला मात्र नक्की उतरा. स्टेशनजवळून पेनांगची फेरी सुटते. रात्रभर गाडीत काढल्यावर तो वारा अंगावर घेतला की शीण उतरतो.

* * *

व्हीलचेअरवाल्यांसाठी दोन ओळी. युरोपीय संघाच्या नव्या नियमात रेल्वेला मदतीसाठी २४ तास आधी कळवलं की पुरतं. बोटीसाठी दोन दिवस आधी कळवा. आणि प्रत्येक कंपनीला वेगळं कळवा, एकीने दुसरीला सांगितलं असेल असं धरून चालू नका.

* * *

मला सांध्यांचा राजा सांगायचा आहे, तो म्हणजे इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली बेट यांच्या मधली मेसिनाची सामुद्रधुनी. रोमहून सिसिलीची रात्रीची गाडी धरली होती, पुढे माल्टाला जायचं होतं. सामुद्रधुनीच्या अलीकडे व्हिला सान जोव्हानीला गाडी थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. इंजिनाने गाडीचे तुकडे केले आणि एकेक तुकडा बोटीच्या पोटात ढकलायला लागलं. बोटीतही रूळ आहेत, एकमेकांना समांतर. शेजारच्या रुळावर आमच्याच गाडीचे उरलेले डबे येऊन उभे राहिले, इतके जवळ की समोरच्या कूपेतल्या मुलीचं उघडं पुस्तक दिसत होतं. ब्रेक पकडल्याचा लांब सुस्कारा आला. मग लोक चपला घालून खाली उतरले आणि लोखंडी जिन्याने वर डेकवर गेले.

सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी तीन किलोमीटरच्या आसपास, बोटीचा प्रवास अर्ध्या तासाचा. पण तुकडे करणं, जोडणं धरून बराच वेळ जातो. घाई असलेल्याने हा मार्ग घेऊ नये. मी मात्र डेकवर उभा राहून खाली झोपलेल्या माझ्या गाडीचा विचार करत होतो आणि डोळे भरून आले. डेन्मार्क आणि जर्मनीच्या मधली अशी गाडी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, मी तिच्यात कधी बसू शकलो नाही. ही चालू आहे तोवर जाऊन या.

पुढचं लवकर सांगतो. सिसिलीतल्या सिराकुसाहून पोत्सालो बंदराला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, तिथून वेगवान कॅटामरान पावणेदोन तासांत माल्टाला. समुद्र खवळला की या हलक्या बोटी आधी रद्द होतात, एक दिवस हाताशी ठेवा. धुराचा विषय वर निघालाच आहे म्हणून सांगतो, वेगवान बोटी साध्या बोटींपेक्षा पुष्कळ जास्त इंधन जाळतात. निवड असेल तर संथ बोट घ्या आणि पायी चढा. मोठ्या फेरीबोटी मुळात ट्रक आणि मोटारींसाठी चालतात, म्हणून पायी प्रवाशाच्या वाट्याला त्यांचा धूर कमी धरला जातो. माल्टात रेल्वे नाही, तिथली एकुलती एक १९३१ मध्येच बंद पडली.

* * *

अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा रेल्वेचा पास घेण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. पास म्हणजे जागा नव्हे. रात्रीच्या गाड्यांचं आणि बऱ्याच वेगवान गाड्यांचं आरक्षण वेगळं करावं लागतं, युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांच्या जागा ठरावीकच. मार्ग शोधायला मार्क स्मिथ यांचं 'द मॅन इन सीट सिक्स्टी-वन' हे संकेतस्थळ उघडा. २००१ पासून ते चालवतात, स्टेशनातून धक्क्यापर्यंत कसं चालत जायचं इथपर्यंत लिहितात.

* * *

जपानहून कोरियाला. शिंकानसेन या वेगवान गाडीने कोकुरा, तिथे साधी गाडी. ती १९४२ च्या कानमोन बोगद्यातून समुद्राखालून शिमोनोसेकीला काढते. स्टेशनपासून बोटीचं टर्मिनल चालत दहा मिनिटांच्या आत. शिमोनोसेकी आणि बुसानच्या मधली ही बोटसेवा १९०५ साली सुरू झाली होती, मधल्या खंडानंतर १९७० पासून पुन्हा चालू आहे.

संध्याकाळी निघालो. पहाटे जाग आली तेव्हा इंजिनाची थरथर थांबली होती. मी घाबरून बाहेर आलो. बुसानचे दिवे समोर, अगदी जवळ, आणि बोट पाण्यात उभी. एका खलाशाला विचारलं, तर त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. शिक्का मारणारी खिडकी सकाळीच उघडते, तोवर बोट बंदराबाहेर थांबून राहते. मग मी झोपायला गेलोच नाही. शेजारी एक म्हातारं जोडपं थर्मास घेऊन आलं, त्यांनी न विचारता झाकणात थोडं गरम पाणी ओतून माझ्या हातात दिलं. उजाडेपर्यंत आम्ही तिघं कठड्याला टेकून दिवे एकेक करून मालवताना बघत होतो.

बुसानचं स्टेशन बंदराजवळच आहे. सोलच्या गाडीचं आरक्षण मी साडेदहाचं केलं होतं, साडेनऊला फलाटावर होतो.