म्हाताऱ्या रुग्णांची आबाळ: नर्सला माहिती कमी पडते की हात?

धागाकर्ती
'वयच झालंय, असं व्हायचंच' हे वाक्य वॉर्डात ऐकलं की मला राग येतो. मी नर्सिंग शिकवते. काल नीट बोलणारे आजोबा आज बरळू लागले, तर तो डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. शोधलं तर लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं सुरू केलेलं झोपेचं औषध, असं कारण बरेचदा सापडतं. या वयात न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही. आरडाओरडा करणारा निदान नजरेत तरी येतो. गुमान पडून राहणारा 'त्रास न देणारा पेशंट' म्हणून सुटतो, आणि धोका त्यालाही तेवढाच. डिलिरियम ओळखायची 'कॅम' (कन्फ्युजन असेसमेंट मेथड) पद्धत १९९० पासून आहे: बदल अचानक झाला का, लक्ष टिकतं का, बोलणं विस्कळीत आहे का, शुद्ध नेहमीसारखी आहे का. पाच-दहा मिनिटांचं काम. वृद्धांची शुश्रूषा हा स्वतंत्र, सक्तीचा विषय हवा.

रात्रपाळी
मॅडम, ती पाच-दहा मिनिटं आणायची कुठून? झोपून झोपून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड बघायचं, हे आम्हाला पाठ आहे. पण एकटीने वळवता न येणाऱ्या आजी असल्या की दुसऱ्या सिस्टरची वाट बघावी लागते, आणि ती तिच्या पेशंटमध्ये अडकलेली असते. अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांच्या २००२ च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आधी माणसं द्या.

धागाकर्ती
माणसं हवीतच. पण घरून चालत आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी डायपर का? 'पडतील' म्हणून कठडे लावून झोपवून ठेवायचं, आणि थोड्याच दिवसांत पायातली ताकद गेली की 'वय झालं' म्हणायचं!

रात्रपाळी
कारण पेशंट पडला तर लेखी जबाब मी देते. चालणं बंद झालं तर कोणी कोणाला विचारत नाही. हा नियम मी केलेला नाही.

लेक
मला दोघींचं पूर्ण पटत नाही. माझ्या आईचं श्रवणयंत्र डबीत ठेवलेलं, आणि सगळे तिला 'गोंधळलेली' म्हणत होते. प्रश्न मला विचारायचे, तिच्याशी मात्र 'आ कर बाळा'. यंत्र कानात घातल्यावर तिने औषधांची नावं स्वतः सांगितली. याला ना अभ्यासक्रम लागतो, ना जादा सिस्टर. समोरच्या बाईला मोठं माणूस समजावं लागतं.

रात्रपाळी
तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. ते चुकलंच. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांची नोंद पाळी बदलताना तोंडी न राहता कागदावर यायला हवी, हे मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना सांगणार आहे. पण रात्री सलाइन उपसणाऱ्या आजोबांचे हात बांधू नयेत, बांधल्याने ते जास्त झटापट करतात, हे कळूनही उपाय एकच उरतो: कोणीतरी शेजारी बसणं. ते कोणी, एवढं मॅडमनी सांगावं.