मदत हवी आहे : वळवात सापडलेला बेदाणा कसा वाचवावा?

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमचे बेदाण्याचे छोटे शेड आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून वापरायचे तेल) यांच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे रॅकच्या जाळीवर पसरली, की कोरड्या हवेत साधारण 15 दिवसांत बेदाणा तयार होतो. यंदा मात्र वळीव थांबायचे नाव घेत नसल्यामुळे, ताडपत्र्या वेळेवर सोडूनही, कडेच्या रॅकवरील माल काळपट पडला असून हाताला चिकटतो आहे. (पूर्वी वळीव आला की आम्ही अंगणात धावायचो, आता ताडपत्रीकडे.) रंग गेलेल्या मालाला सौद्यात भाव मिळत नाही. अशा अर्धवट वाळलेल्या मालाला गंधकाची धुरी द्यावी, की भाड्याने ड्रायर लावावा, आणि ड्रायरचा खर्च काळ्या बेदाण्याच्या भावातून निघतो का, हे स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगावे.