पालेता घरी करताना: चोखलं की रंग निघून जातो आणि हातात पांढरा बर्फ उरतो

उन्हाळी_दुपार

मेक्सिकन पद्धतीच्या फळांच्या पालेता (काडीवरच्या आइसकँडी) घरी करायच्या आहेत. दुधाच्या नकोत, आधी पाण्याच्या, म्हणजे पालेता दे आग्वा. सध्याची प्रमाणं अशी:

कलिंगड: बिया काढून ५०० ग्रॅम गर, एका लिंबाचा रस (२० मिली), साखर २ मोठे चमचे (२५ ग्रॅम).
आंबा-मिरची: ४०० ग्रॅम गर, १०० मिली पाणी, ३० मिली लिंबाचा रस, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा मीठ, साखर अजिबात नाही.

प्लास्टिकचे ८० मिलीचे साचे, फ्रीजर उणे १८ अंशांवर. अडचणी चार. कलिंगडाची पालेता दगडासारखी होते आणि दोनदा चोखली की रंग-चव सगळं निघून जाऊन पांढरा बर्फ उरतो. तिखट टोकाला गोळा होतं. फळाचे तुकडे टाकले की सगळे एकाच बाजूला जातात. आणि काडी कधी वाकडी बसते, कधी सरळ निघूनच येते. नक्की काय चुकतंय?

बर्फाळ_गणित

रंग चोखून निघतो त्याचं कारण साखर आणि वेळ. आधी साखरेचं बघू.

रस गोठताना आधी निव्वळ पाण्याचे स्फटिक होतात. साखर, आंबटपणा आणि रंग उरलेल्या पाण्यात दाटत जातात आणि स्फटिकांच्या मधल्या बारीक फटींमध्ये पाक म्हणून राहतात. चोखताना तुम्ही तो पाक ओढून घेता आणि मागे बर्फाचा सांगाडा राहतो. साखर कमी असेल तर पाक कमी आणि बर्फ जास्त, म्हणून तो कडकही लागतो.

एकूण साखर (फळातली अधिक वरून घातलेली) मिश्रणाच्या वजनाच्या १८ ते २० टक्के धरा. १५ च्या खाली दगड, २५ च्या वर गेलात तर घरच्या फ्रीजरमध्ये मऊ राहते आणि काडीवरून घसरते. फळातली साखर ढोबळमानाने अशी: काकडी २ टक्के, स्ट्रॉबेरी ५-६, कलिंगड ८, अननस १०-१२, पिकलेला आंबा १३-१५. लिंबाच्या रसातली साखर हिशोबात नाही धरली तरी चालते.

वरून किती घालायची याचं सूत्र (१८ टक्क्यांसाठी):
(मिश्रणाचं वजन × ०.१८ − फळातली साखर) ÷ ०.८२

तुमचं कलिंगड: वजन ५२०, फळातली साखर ४०. ९३.६ − ४० = ५३.६, भागिले ०.८२ म्हणजे ६५ ग्रॅम. तुम्ही २५ घालताय, एकूण १२ टक्के होतात. दगड होणारच.
तुमचा आंबा: वजन ५३०, फळातली साखर ५६. उत्तर ४८ ग्रॅम. आंबा गोड आहे म्हणून साखर नको, हा हिशोब पाणी आणि लिंबू घातल्यावर टिकत नाही.
लिंबाची साधी पालेता करायची झाली तर १०० मिली रस, ५०० मिली पाणी आणि १३०-१५० ग्रॅम साखर लागते. आकडा मोठा वाटेल, पण एवढ्या आंबटाला तो हवा.

थंड जिभेला गोड कमी जाणवतं. म्हणून साच्यात ओतण्याआधी मिश्रण चाखलंत तर ते किंचित जास्तच गोड लागायला हवं. आत्ता बरोबर लागलं तर गोठल्यावर फिकं लागेल.

साखर पूर्ण विरघळू द्या, नाहीतर ती तळाशी बसते आणि टोक मऊ, मागची बाजू कडक असा प्रकार होतो. कडकपणा आणखी कमी करायचा असेल तर साखरेतला चौथा हिस्सा डेक्स्ट्रोजने (ग्लुकोजच्या पुडीने) बदला. त्याचा रेणू साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे तेवढ्याच वजनात गोठणबिंदू जवळपास दुप्पट उतरतो आणि गोडी मात्र कमी असते. लिक्विड ग्लुकोज म्हणजे दाट, चिकट पाक, त्याचं काम वेगळं. तो मुख्यतः मिश्रण दाट करून स्फटिक लहान ठेवतो. दोन्ही एकच समजून अदलाबदल करू नका.

खारंपाणी

वरच्या हिशोबाशी सहमत, पण साखर १८ टक्के करूनही घरची पालेता दुकानासारखी होत नाही. दुसरं अर्धं कारण वेग.

मेक्सिकोतल्या पालेतेरियांत (पालेतांच्या दुकानांत) स्टीलचे साचे उणे २५-३० अंशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. द्रव साच्याला चहूबाजूंनी चिकटून उष्णता ओढून घेतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये साच्याभोवती हवा, आणि हवा उष्णता फार हळू नेते. वर प्लास्टिकचा साचा. पाच-सहा तास सहज लागतात, तोवर स्फटिक मोठे होतात आणि पाक खाली ओघळतो. कलिंगडात तर लाल गर एकीकडे, फिकं पाणी दुसरीकडे असे थरच पडतात.

टाकीची घरगुती नक्कल करता येते. धातूचे साचे हवेत. खोल भांड्यात ३ किलो फोडलेला बर्फ आणि १ किलो जाडं मीठ थरांनी भरा, थोडं थंड पाणी ओता म्हणजे फटी भरतील. हे मिश्रण उणे १८-२० पर्यंत उतरतं. साचे उभे खोचा. खारं पाणी साच्याच्या काठापासून किमान २ सेंमी खाली हवं. एक थेंब आत गेला तर ती पालेता वाया. सव्वा-दीड तासात गोठतात, मग साच्यासकट फ्रीजरमध्ये दोन तास.

एवढा खटाटोप नको असेल तर सोपी युक्ती. मिश्रण आधी फ्रिजमध्ये ४ अंशांपर्यंत थंड करा, मग पसरट स्टीलच्या ताटलीत ओतून फ्रीजरमध्ये ४०-६० मिनिटं ठेवा, दर पंधरा मिनिटांनी काट्याने ढवळा. ओल्या बर्फासारखा लगदा झाला की साच्यात भरा आणि चमच्याच्या दांड्याने टोचून हवा काढा. एका दगडात तीन पक्षी: थर पडत नाहीत, फळाचे तुकडे जिथे ठेवाल तिथे राहतात, आणि काडी लगेच सरळ उभी राहते.

साचे फ्रीजरच्या मागच्या भिंतीला, खालच्या पृष्ठभागाला टेकवून ठेवा. एका वेळी फार भरू नका. वीस पालेता एकदम ठेवल्या तर फ्रीजरच गरम होतो. आणि साचा काठोकाठ नको, ५-६ मिमी जागा सोडा. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं.

कलिंगड मिक्सरमध्ये फार वेळ फिरवू नका, फेस होतो आणि तो वरच्या टोकाला पांढरट, भुसभुशीत थर म्हणून गोठतो. थोडं थोडं फिरवा, पंधरा मिनिटं ठेवा, फेस चमच्याने काढून टाका.

उन्हाळी_दुपार

गणित समजलं. तिखट आणि काडीचं अजून राहिलंय. शिवाय काडी आधी पाण्यात भिजवावी असं वाचलं होतं, ते खरं का?

चामॉय_प्रेमी

तिखट पाण्यात विरघळत नाही. मिरचीचा जहाल घटक तेलात विरघळणारा, आणि पूड जड. पातळ रसात ती साच्याच्या तळाशी, म्हणजे पालेतेच्या टोकाला जाते. पहिला घास नुसता जाळ, पुढे काहीच नाही. मेक्सिकोत म्हणूनच मांगो कोन चिलेवर (आंबा-मिरचीच्या पालेतेवर) तिखट-मीठ-लिंबाची पूड बहुधा वरून भुरभुरतात. आतच हवं असेल तर लगद्याच्या टप्प्यावर मिसळा. ताजी हिरवी मिरची रसात दहा मिनिटं भिजवून गाळून काढली तर चव सगळीकडे सारखी येते आणि पूड तोंडात येत नाही.

मिठाचं लक्षात ठेवा. १ ग्रॅम मीठ गोठणबिंदू जितका उतरवतं, तितका उतरवायला साधारण १२ ग्रॅम साखर लागते. अर्ध्या किलो मिश्रणात चिमूटभर, फार तर १ ग्रॅम. जास्त झालं तर पालेता खारट आणि लिबलिबीत. बाकी खारटपणा वरून द्या.

चामॉय (खारवलेलं जर्दाळू किंवा आलुबुखार, मिरची, लिंबू यांचा आंबट-तिखट सॉस) साच्याच्या भिंतीला ओघळासारखा लावला तर दिसायला झकास. पण त्यात मीठ आणि साखर भरपूर, तो दगडासारखा कधीच गोठत नाही. आडवा जाड पट्टा दिलात तर पालेता तिथेच तुटेल. उभ्या, बारीक रेषा द्या, किंवा साच्यातून काढल्यावर बुडवून खा.

आणखी एक मेक्सिकन चव सुचवतो: काकडी-लिंबू-मिरची. ४०० ग्रॅम सोललेली काकडी, ६० मिली लिंबाचा रस, १०० मिली पाणी, ११० ग्रॅम साखर. मिक्सरमधून काढून गाळा. कडू काकडी निघाली तर पूर्ण खेप कडू, म्हणून प्रत्येक काकडीचं टोक आधी चाखा.

जमायका, म्हणजे लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांची: ३० ग्रॅम बोंडं ७०० मिली पाण्यात ५ मिनिटं उकळा, झाकून २० मिनिटं ठेवा, गाळा. साधारण ६०० मिली निघेल, त्यात १३५ ग्रॅम साखर. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. हे पाणी चांगलंच आंबट असतं, ॲल्युमिनियमला लागतं.

काडीबद्दल: भिजवायची गरज नाही. कोरडी काडी पातळ रसात तरंगते म्हणून भिजवायला सांगतात. साच्यावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवा, मधोमध सुरीने बारीक चीर द्या आणि काडी त्यातून खोचा, ती हलत नाही. निदान निम्मी काडी आत हवी. निघून येते त्याचं कारण बहुतेक वेळा पालेता आतून पुरती गोठलेली नसते.

खारंपाणी

काडीच्या मुद्द्याला थोडा विरोध. फॉइल असली तरी पातळ मिश्रणात कोरडी काडी हळूहळू वर सरकते. एक तर लगदा करा, नाहीतर ४५-६० मिनिटांनी कडा धरल्या की मग खोचा. भिजवायची गरज नाही यावर मात्र एकमत.

साच्यातून काढताना पाणी गरम नको. नळाच्या साध्या पाण्यात प्लास्टिकचा साचा १०-१५ सेकंद, धातूचा ५-८ सेकंद. काडी पिळू नका, सरळ ओढा. बाहेर आलेली पालेता ओलसर असते, ती आधीच थंड केलेल्या ताटलीवर बटर पेपर घालून २० मिनिटं परत फ्रीजरमध्ये ठेवा, मग एकेक गुंडाळून हवाबंद पिशवीत. न गुंडाळता ठेवलेल्या पालेतेवर दोन-तीन दिवसांत पांढरं दव चढतं आणि फ्रीजरचा वास लागतो.

तोकुम्बोची_वाट

दुधाच्या नकोत म्हणालात, पण पुढे कराल तेव्हा दोन चुका टाळा, म्हणून लिहितो.

पहिली, अननस. कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि मिश्रण तासाभरात कडू लागायला लागतं. अननसाचे तुकडे साखरेबरोबर ५ मिनिटं उकळून पूर्ण थंड करून मगच दुधात घाला. किवीचंही तेच. पाण्याच्या पालेतेत दोन्ही कच्चे चालतात.

दुसरी, लिंबू. पातळ दुधात रस ओतला की ते फाटतं आणि गोठल्यावर रवाळ लागतं. लिंबाची दुधाळ चव हवी असेल तर कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीम एकत्र करून त्यात रस हळूहळू घाला. ते फाटण्याऐवजी एकसारखं दाट होतं.

फ्रेसास कोन क्रेमाचं (क्रीममधल्या स्ट्रॉबेरीच्या पालेतेचं) प्रमाण: २०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे तुकडे, ३० ग्रॅम साखर लावून अर्धा तास ठेवलेले. २५० मिली सायीचं दूध, १०० मिली क्रीम, १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. स्ट्रॉबेरीला साखर लावायची पायरी गाळू नका. साध्या तुकड्यात नव्वद टक्के पाणी असतं, तो गोठला की दाताला खडा लागतो. हाच नियम आंबा-कलिंगडाच्या तुकड्यांनाही. आकार ५-८ मिमी. फळाच्या पातळ चकत्या साच्याच्या भिंतीला चिकटवायच्या तर ३ मिमीपेक्षा जाड नकोत.

ज्यांना माझ्या नावातलं तोकुम्बो नवीन असेल त्यांच्यासाठी: ते मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं छोटं गाव. तिथल्या लोकांनी १९४० च्या दशकात मेक्सिको सिटीत पालेतांची दुकानं थाटली, पुढे नातेवाईक-गाववाले देशभर पसरले. म्हणून 'ला मिचोआकाना' ही पाटी मेक्सिकोत जागोजागी दिसते, पण ती एका कंपनीची साखळी नव्हे. गावाच्या वेशीवर पालेतेचं भलंमोठं शिल्प उभं आहे. या दुकानांत पाण्याच्या आणि दुधाच्या पालेता वेगवेगळ्या मांडतात, आणि पाण्याच्या पालेतेत फळाचे तुकडे बाहेरून दिसायलाच हवेत अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. तेव्हा सगळं गाळून नितळ करू नका.

उन्हाळी_दुपार

म्हणजे कलिंगडाला ६५ ग्रॅम साखर, फेस काढून, लगदा करून. एक शंका: त्यात टेकीला घालता येईल का?

बर्फाळ_गणित

येईल, पण ६०० ग्रॅम मिश्रणाला ३० मिलीच्या वर नको. अल्कोहोल गोठणबिंदू साखरेपेक्षा कितीतरी जोरात उतरवतं. टेकीला घातलीत तर साखर १० ग्रॅमने कमी करा आणि पालेता रात्रभर ठेवा. ६० मिली घातलीत तर काडी बाहेर येईल, पालेता साच्यातच राहील.