देव मानत नाही पण दिवा लावते, तर मी नक्की कोण? सल्ला हवाय

दिवेलागण
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसा पण सल्ला द्या. वय २९, मूळची सांगलीकडची, नोकरी पुण्यात, घरी स्थळं बघणं चालूए. मागच्या रविवारी पोह्यांचा कार्यक्रम झाला, सगळं बरं चाललेलं आणि मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवत विचारलं, "देवाधर्माचं करतेस ना गं?" आणि मी जी अडखळले, "हो, म्हणजे तसं नाही, पण करते, म्हणजे मानत नाही पण...", आईने माझा पाय दाबला, मामांनी लिंबाची फोड परत एकदा पिळली जिच्यात काहीच उरलं नव्हतं, आणि विषय पावसावर गेला.

तर माझं असं आहे. वर कोणीतरी बसून आपलं ऐकतंय असं मला वाटत नाही. नवस बोलत नाही, पत्रिका मानत नाही (आईने दाखवली ती दाखवलीच), पुनर्जन्म वगैरे पटत नाही. पण संध्याकाळी फ्लॅटवर असले की दिवा लावते, आजीचं पितळी निरांजन आहे, एका बाजूने चेपलेलं, त्यामुळे तूप एकीकडे जमतं आणि वात कलती ठेवावी लागते. दोन मिनिटं गप्प बसते, मागत काहीच नाही, पण लावला नाही तर दिवस संपल्यासारखा वाटत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालले, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, घोडा अगदी शेजारून गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावले तर मी पण धावले. का ते विचारू नका. आतून वाटतं की काहीतरी आहे, पण त्या काहीतरीला नाव नाही, रूप नाही, आणि त्याला माझ्या प्रमोशनशी घेणंदेणं नाही.

विवाहमंडळाच्या फॉर्मवर तीन रकाने आहेत, धार्मिक, फारसे धार्मिक नाही, नास्तिक. तिन्ही खोटे वाटतात. याला काही शब्द आहे का?

खडूसराव
लेबल लोणच्याच्या बरणीला लावतात. "फारसे धार्मिक नाही"वर टिक मारा आणि झोपा.

दिवेलागण
@खडूसराव बरणीला लेबल नसेल तर घरातले दहा वेळा झाकण उघडून वास घेतात हो, तेच चाललंय माझं.

जुनीवही
नास्तिक लिहू नकोस, तो शब्दच गोंधळाचा आहे. जुन्या दर्शनांत, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या जुन्या शाखांत, नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा, देव न मानणारा नव्हे. म्हणून मीमांसा शाखेचे मीमांसक आस्तिकांत मोडतात, आणि हे लोक यज्ञाचं एवढं काटेकोर करणारे पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागतच नाही. सांख्य ही दुसरी शाखा, त्यांचंही मुळात तसंच. म्हणजे ईश्वराशिवाय विधी करणारी तू पहिली नाहीस, फक्त तुझा यज्ञ निरांजनाएवढा आहे 😄

अज्ञेयवादी हा शब्द बरेच जण सुचवतील. इंग्रजीतला मूळ शब्द (agnostic) हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये काढला, अर्थ असा की हे कळण्याजोगंच नाही तर मी दावा करत नाही. पण तू तर म्हणतेयस काहीतरी आहे, मग तो तुला घट्ट होणार. सर्वेश्वरवाद बघ, सगळं जगच ईश्वर, वेगळा बसलेला कोणी नाही.

कोल्हापुरी_चप्पल
आपल्याकडचा शब्द सोडून सगळं सांगताय राव. महात्मा फुल्यांचा निर्मिक! १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला, देव आणि माणूस यांच्यात भटजी नको, मूर्ती नको, सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं. माझे पणजोबा सत्यशोधक होते, घरातली लग्नं त्या पद्धतीने झालेली, अजून कुणी विचारलं तर आजोबा सांगायचे "आम्ही निर्मिक मानतो" आणि समोरचा गप्प. एका शब्दात काम.

गिरगावकर_काकू
फुल्यांच्या आधी सहा वर्षं, १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला होता, रानडे आणि भांडारकर त्यातलेच. एकच ईश्वर, मूर्तिपूजा नाही, अवतार नाहीत, पण उपासनेत तुकोबांचे अभंग. तुझी वारी ऐकून तेच आठवलं गं. फक्त त्यांना प्रार्थना ऐकणारा ईश्वर होता, तुझा तर ऐकतच नाही म्हणतेस.

दिवेलागण
काकू तिथेच अडतंय. निर्मिक शब्द फार आवडला पण निर्माण करणारा कोणी आहे असंही म्हणवत नाही. सर्वेश्वरवादी म्हटलं तर मामा उठून जातील.

कालव्याकाठी
आम्ही नेदरलँड्समध्ये अॅम्स्टेलव्हीनला राहतो, इथे याला चक्क रोजच्या वापरातला शब्द आहे. डचमध्ये "इट्स" म्हणजे काहीतरी, त्यावरून इट्सिझम. चर्चमध्ये जात नाही, बायबलातला देव मानत नाही, पण "काहीतरी आहे" म्हणणारे, असे इथे ढिगाने आहेत. माझी शेजारीण सत्तरीची, तिचा नवरा गेल्यापासून रोज खिडकीत मेणबत्ती लावते, मी एकदा विचारलं देवासाठी का, तर म्हणाली छे, आणि मग खांदे उडवून "इट्स". तुझी पोस्ट वाचून तीच आठवली. स्पिनोझा हा तत्त्वज्ञ पण इथलाच, १६५६ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं, पुढे त्याने देव आणि निसर्ग एकच मांडलं. पण स्पिनोझा पोह्यांबरोबर जाणार नाही, इट्सिझम जाईल.

खडूसराव
म्हणजे मराठीत काहीतरीवादी. छान. कुणी विचारलं की "मी काहीतरीवादी" आणि ते म्हणणार "काहीतरीच काय!"

सनातनी_नाही_पण
एवढं कशाला, हिंदू म्हणा ना, त्यात सगळं बसतं, मानणारा बसतो न मानणारा बसतो.

दिवेलागण
@सनातनी_नाही_पण ते लिहिलंच आहे हो फॉर्मवर, वेगळा रकाना आहे. त्याने मी कुठल्या घरातली ते कळतं, संध्याकाळी दिव्यापुढे माझ्या डोक्यात काय चालतं ते नाही कळत.

फायलीवाला
कायद्याचं सांगून ठेवतो, कारण असे धागे वाचून लोक उत्साहात धर्माच्या रकान्यात काहीबाही भरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय की सरकारी कागदावर धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही, कुठलाच धर्म नाही असंही लिहिता येतं. पण तेवढ्याने लग्न-वारशाचा कायदा बदलत नाही. हिंदू विवाह कायद्याची व्याख्याच अशी आहे की जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही त्याला साधारण तोच लागू. धार्मिक विधी न करता लग्न हवं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मनातल्या लेबलला मात्र स्टॅम्प पेपर लागत नाही.

गिरगावकर_काकू
मी परत आले, रात्रभर डोक्यात होतं. दिवे, मामांनी काय विचारलं ते नीट वाच. "मानतेस का" नाही विचारलं, "करतेस का" विचारलं. आपल्या मराठीत ही दोन वेगळी क्रियापदं आहेत गं आणि बहुतेक घरांत दुसरंच चालतं. माझे सासरे आयुष्यभर कट्टर, देव नाही म्हणजे नाही, पण गणपतीत मखर तेच करायचे, कात्रीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते मानत नव्हते, करत होते. मामांना उत्तर सरळ होतं, "हो मामा, रोज दिवा लावते." खोटं एक अक्षर नाही. मानण्याचं जे काय आहे ते मुलाला सांग, तेही एकटं भेटल्यावर. शब्द त्याच्यासाठी शोध, मामांसाठी नको.

जुनीवही
काकूंना साष्टांग. माझी वरची अख्खी पोस्ट या एका क्रियापदापुढे फुकट गेली.

कोल्हापुरी_चप्पल
तरी मुलाला सांगताना निर्मिक लक्षात असू द्या 🙏

दिवेलागण
काकू, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. अपडेट देते. काल रात्री आईला फोनवर सांगितलं, आई मला शब्द मिळाला, मी काहीतरीवादी आहे. ती म्हणाली, "काहीतरीच!" @खडूसराव, तुमचं तोंड गोड होवो. मग तिला शेजारणीची मेणबत्ती सांगितली तर थोडा वेळ गप्प होती आणि म्हणाली, आजी पण कधी हात जोडायची नाही, नुसती वातीकडे बघत बसायची, आम्हाला वाटायचं डोळे गेलेत म्हणून. हे मला माहीतच नव्हतं.

फॉर्मवर "फारसे धार्मिक नाही"च ठेवलंय, खाली "स्वतःबद्दल"मध्ये एक ओळ घातली, "रोज दिवा लावते, मागत काही नाही." त्या मामांकडून नकार आलाय, कारण पत्रिका असं सांगितलं. पण ती ओळ वाचून नाशिकच्या एकाने विचारलंय, तुपाचा की तेलाचा. रविवारी पोहे आहेत.

खडूसराव
लिंबू जास्त ठेवा.