मदत हवी आहे: रविवारचे जादा पैसे मालक देत नाही

वैतागलेला वेटर
लवकर सांगा प्लीज, उद्या परत शिफ्ट आहे. रेस्टॉरंटमध्ये लागून आठ महिने झाले. मालक रविवारीही 22 च देतो. सोबतचा नेपाळी मुलगा म्हणतो रविवारचा दर वेगळा असतो. मालकाला विचारलं तर म्हणे, "आपलं फ्लॅट रेट ठरलंय ना?" केस केली तर पैसे मिळतील का? किती दिवस लागतात?

कोथरूडकर
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 वाचा. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असतील तर लागू. जादा तासांना दुप्पट मजुरी. कामगार आयुक्तांकडे अर्ज टाका. माझ्या भाच्याने टाकला होता, तीन चकरांत काम झालं.

गमभन
22 काय? रुपये? देश कुठला?

वैतागलेला वेटर
डॉलर. मेलबर्न. लिहिलं नव्हतं का?

गमभन
नव्हतं.

यारातीरी
कॅज्युअल आहेस की पार्टटाइम? नुसतं रेस्टॉरंट आहे, हॉटेलातलं आहे की टेकअवे? तिन्हींना वेगळे अवॉर्ड लागतात. (इतरांसाठी: अवॉर्ड म्हणजे बक्षीस नव्हे, त्या त्या धंद्यातल्या किमान पगाराचे नियम.) पेस्लिप मिळते का?

वैतागलेला वेटर
कॅज्युअलच असेन, रजा वगैरे काही नाही. बसून जेवायचं रेस्टॉरंट. पेस्लिप नाही. रविवारचं सांगा ना कोणीतरी.

सिडनीचा सदू
कॅज्युअलला रविवारी मूळ दराच्या 175 टक्के. डोळे झाकून माग.

यारातीरी
सदू, डोळे उघड. रेस्टॉरंट अवॉर्डात कॅज्युअलला 175 मिळतात ते लेव्हल 3 (म्हणजे कामाची श्रेणी) पासून पुढे. खालच्या लेव्हलना 150, हे 2014 च्या निकालानंतरचं आहे.

सिडनीचा सदू
आणि 2017 मध्ये फेअर वर्क कमिशनने (अवॉर्ड ठरवणारी सरकारी संस्था) रविवारचे दर कापले ते? युनियन फेडरल कोर्टात गेली आणि हरली. माझा स्वतःचा पगार कापला गेलाय, मला शिकवू नका.

यारातीरी
तू तेव्हा कपड्यांच्या दुकानात होतास, तूच मागे लिहिलं होतंस. 2017 ची कात्री दुकानं, औषधांची दुकानं, फास्ट फूड आणि हॉटेलं यांच्या रविवारवर चालली. रेस्टॉरंटवाल्या मालकांना रविवारचं म्हणणं पटवून देता आलं नाही, तिथला रविवार तसाच राहिला. फक्त कायम नोकरांचा सार्वजनिक सुट्टीचा दर 250 टक्क्यांवरून 225 झाला.

वेटर, तू रविवार धरून बसलायस, पण तुझे सोमवारचेही बुडतायत. जुलै 2025 पासून देशाचं किमान वेतन तासाला 24.95 आहे. कॅज्युअलला त्यावर पंचवीस टक्के, म्हणजे 31.19. तुला मिळतात 22. रविवारी मूळ 24.95 च्या दीडपट धरलं तर 37.43 च्या खाली येऊच शकत नाही. आठ तासांच्या एका रविवारी सव्वाशेच्या आसपास डॉलर गेले. आणि "ठरलंय ना" याला अर्थ नाही. अवॉर्डापेक्षा कमी कबूल करायचा हक्क तुलाही नाही.

वैतागलेला वेटर
पण मालक म्हणतो मी नोकर नाहीच. सुरुवातीलाच एबीएन (स्वतःच्या धंद्याचा सरकारी नंबर) काढायला लावला होता. दर आठवड्याला मीच बिल बनवून देतो.

गमभन
हे आत्ता सांगतोयस?!

यारातीरी
रोस्टर कोण लावतं? टीशर्ट कोणाचा? नाही म्हणायची सोय आहे का? सगळं मालकाचं असेल तर तू कंत्राटदार कसला? नोकराला कंत्राटदार दाखवणं हेही बेकायदा आहे. फेअर वर्क ओम्बड्समनला (पगाराच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय) फोन कर, 13 13 94. दुभाषी मागता येतो. सहा वर्षांपर्यंतची वसुली करता येते आणि 1 लाख डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये (कोर्टाची छोट्या दाव्यांची सोपी पद्धत) वकिलाशिवाय चालतो. हजेरीची नोंद ठेवणं मालकाचं काम, त्याने ती ठेवली नसेल तर कोर्टात तुला खोटं पाडायची जबाबदारी त्याच्यावर येते.

झणझणीत
मास्टरशेफवाला जॉर्ज कलोम्बारिस आठवतोय का? त्याच्या रेस्टॉरंटांनी 78 लाख डॉलरच्या वर थकवले होते. टीव्हीवर काय रुबाब! बाय द वे, मेलबर्नमध्ये चांगली मिसळ कुठे मिळते?

कोथरूडकर
परदेशी जाऊन भांडी घासायची आणि मग रडायचं. इथे काय कमी होतं?

गमभन
काका, तुमचा भाचा सध्या कुठे असतो?

कोथरूडकर
टोरांटो. त्याचा इथे काय संबंध.

झणझणीत
आमच्या वेळी एक जण गूगलवर एक स्टार देऊन आला, दुसऱ्या दिवशी मालकाने पैसे दिले. वकील-बिकील सोडा.

यारातीरी
असलं काही करू नकोस, उलट बदनामीची नोटीस येईल. वेटर, अजून काही सांगायचं राहिलंय का? तू विद्यार्थी व्हिसावर आहेस ना?

वैतागलेला वेटर
हो. म्हणूनच तर इतके दिवस गप्प बसलो. सुट्टी नसतानाही पंधरवड्याला 60 तास भरले कधीकधी. 48 ची मर्यादा आहे ना. मालक तेच ऐकवतो, "तक्रार कर, मग तुझंही बघतो."

यारातीरी
सगळे असंच ऐकवतात. जुलै 2024 पासून पिळवणुकीची तक्रार करणाऱ्याचा व्हिसा अशा कारणासाठी रद्द होऊ नये म्हणून संरक्षण आहे. पण ते आपोआप लागू होत नाही, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि अटी आहेत. म्हणून ओम्बड्समनच्या आधी कम्युनिटी लीगल सेंटरला गाठ, कायद्याचा सल्ला फुकट असतो. तोवर मालकाशी तोंडी काही बोलू नकोस. रोस्टर कागदावर येतं की व्हॉट्सॅपवर?

वैतागलेला वेटर
व्हॉट्सॅप ग्रुपवर. फोटो टाकतो तो दर शुक्रवारी.

यारातीरी
सगळे स्क्रीनशॉट आज रात्रीच काढून स्वतःला ईमेल कर. तुझी ती बिलंही.

वैतागलेला वेटर
बिलं ईमेलमध्ये आहेत. ग्रुप उघडून बघितला, अकरा मिनिटांपूर्वी मालकाने मला काढलंय. उद्याच्या शिफ्टचं काय??

गमभन
आता नवे मेसेज येणार नाहीत, पण जुने फोनवर असतात. ग्रुप डिलीट करू नकोस. वर स्क्रोल कर, फोटो आहेत का बघ.

वैतागलेला वेटर
मार्चपर्यंतचे आहेत. बाकी लोड होत नाहीयेत. थांबा, नेपाळी मुलाला विचारतो.