मदत हवी आहे : मायएसक्यूएल ५.७ वरून मारियाडीबी की पोस्टग्रेस?

नमस्कार. रत्नागिरी-राजापूर भागातील हापूस बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेची संगणकीय नोंदणी मी सांभाळतो. कोणाच्या बागेतून किती पेट्या आल्या, त्या वाशीला कोणत्या आडत्याकडे गेल्या आणि पट्टी किती रुपयांची आली, एवढाच तिचा व्याप आहे. परंतु मार्च ते मे या हंगामात ती बंद ठेवण्याची सोय नाही. ही प्रणाली पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असून मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपल्यामुळे येत्या पावसाळ्यात दुसऱ्या डेटाबेसवर स्थलांतर उरकावे, असा विचार आहे.

मारियाडीबी ही मायएसक्यूएलपासून २००९ साली वेगळी झालेली शाखा असल्यामुळे तिच्यासाठी कोडला फारसा हात लावावा लागणार नाही. माझा ओढा मात्र पोस्टग्रेस या वेगळ्या डेटाबेसकडे आहे, कारण चुकीच्या नोंदी ते मुकाट्याने पोटात घालत नाही. नेमकी तीच अडचणही आहे : ‘पट्टी अजून आलेली नाही’ या अर्थाने आमच्याकडे ००००-००-०० अशा तारखा सर्रास भरलेल्या आहेत. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसचा विचार सोडून दिला, कारण त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते आणि हंगामात अनेक जण एकदम नोंदी करतात.

खरी चिंता मराठी मजकुराची आहे. टेबले लॅटिन-१ मध्ये, म्हणजे युरोपीय लिपीसाठीच्या जुन्या अक्षरसंकेतात, आहेत आणि जोडणीही लॅटिन-१ चीच असल्यामुळे नावे पडद्यावर नीट दिसतात; प्रत्यक्षात यूटीएफ-८ चे (सर्व लिप्यांसाठीच्या अक्षरसंकेताचे) बाइट लॅटिन-१ अक्षरे म्हणून साठवले गेले आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेते, त्यामुळे ५० बाइटांच्या रकान्यात जेमतेम १६ चिन्हे मावतात आणि लांब नावांची शेवटची अक्षरे अर्धवट तुटलेली आहेत. याचे खऱ्या यूटीएफ-८ मध्ये रूपांतर स्थलांतराआधी करावे की पीजीलोडरवर (मायएसक्यूएलमधील माहिती पोस्टग्रेसमध्ये नेणाऱ्या साधनावर) सोपवावे? शिवाय गावांच्या यादीत गोळप हे गोवळच्या आधी येते. मराठी वर्णक्रमाने ‘ळ’ नंतर आणता येईल का?

प्रतिसाद :

आपण म्हणता ते रूपांतर मायएसक्यूएलमध्येच आणि मूळ माहितीवर नव्हे, तर तिच्या नकलेवरच करावे. रकाना आधी व्हारबायनरी (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करून मग यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) करावा. थेट बदलल्यास सर्व्हर त्या बाइटांना खरी लॅटिन-१ अक्षरे समजून आणखी एकदा रूपांतर करील. तत्पूर्वी ज्यांची लांबी बरोबर ५० बाइट भरते अशा नोंदी वेगळ्या काढून ती नावे सभासदांच्या कागदी नोंदवहीवरून पूर्ण करावीत, कारण तुटके बाइट पोस्टग्रेस स्वीकारणार नाही.

शून्य तारखा पीजीलोडर आपोआप नल (रिकाम्या) करतो, त्यांची काळजी नको. टायनीइंट(१) या छोट्या पूर्णांकांच्या रकान्यांकडे मात्र अवश्य पाहावे : तो प्रकार पीजीलोडर बुलियन (फक्त खरे-खोटे) करतो, म्हणून आंब्याची प्रत १ ते ४ अशी त्यात साठवली असेल, तर सगळ्याच प्रती ‘खरे’ होऊन बसतील. क्रमवारीसाठी पोस्टग्रेस १० पासून आयसीयूची (भाषावार क्रम पुरवणाऱ्या सॉफ्टवेअर-संग्रहाची) मराठी क्रमवारी रकान्याला लावता येते. एवढ्यासाठीसुद्धा मी पोस्टग्रेसच निवडीन. कोड बदलण्यास माणूस मिळत नसेल, तर यंदा मारियाडीबीवर जाण्यात गैर काही नाही; मजकुराची दुरुस्ती दोन्हीकडे उपयोगी पडेल. निर्णय काहीही झाला, तरी जुनी प्रणाली बंद करण्यापूर्वी आडत्यावार पट्ट्यांच्या बेरजा दोन्ही ठिकाणी जुळवून पाहाव्यात.